व्यक्तिमत्त्व विकार : पालकांची शंका आणि धम्माची दृष्टी

पौर्णिमेची सामुदायिक वंदना आटोपून उपासक-उपासिका घरोघरी परतू लागले, की विहाराच्या पायरीवर एखादे दाम्पत्य मागे रेंगाळलेले दिसते. चारचौघांत विचारता येणार नाही असा प्रश्न त्यांच्या मनात असतो. गेल्या वर्षावासात असेच एक आई-वडील आमच्यापाशी येऊन बसले. त्यांचा मुलगा सोळा वर्षांचा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हसतमुख असलेला हा मुलगा आता रागाच्या भरात हाताला लागेल ती वस्तू फोडतो. सकाळी आईला बिलगतो आणि सायंकाळी तीच आई त्याची वैरीण ठरते. शाळेला म्हणून निघतो आणि भलतीकडेच जातो. एकदा तर त्याने स्वतःच्या हातावर जखमा करून घेतल्या होत्या.

या मातापित्यांना सल्ले देणारे पुष्कळ भेटले. शेजारणीने ‘बाहेरची बाधा’ सांगितली. एका वयोवृद्ध आप्ताने पूर्वजन्मीचे कर्म काढले. शिक्षकांनी ‘मुलाचा स्वभावच वाईट’ असा निर्वाळा दिला. शेवटी महाविद्यालयात शिकणाऱ्या पुतण्याने मोबाईलवर वाचून सांगितले, की हा ‘पर्सनॅलिटी डिसऑर्डर’, म्हणजे व्यक्तिमत्त्व विकार असावा. या शेवटच्या सल्ल्याने मातेची झोप उडाली. ती म्हणाली, “आजार असेल तर औषध देता येईल, पण स्वभावच आजारी असेल, तर औषध द्यायचे कशाला?”

त्या उभयतांच्या अनुमतीने आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलून आम्ही हे येथे नमूद करीत आहोत. कारण हा प्रश्न त्या एका मातेचा नाही. आम्ही वैद्य नव्हे. मुलाला तपासून निदान करणे हे मनोविकारतज्ज्ञांचेच कार्य होय. परंतु या नावाचा अर्थ काय, ते मुलांच्या बाबतीत केव्हा वापरावे आणि भगवान बुद्धांच्या धम्माच्या प्रकाशात त्याकडे कसे पाहावे, याचा विचार करणे आम्हांस आमचे कर्तव्य वाटते.

या नावाचा अर्थ

प्रत्येक मनुष्याची विचार करण्याची, भावना अनुभवण्याची आणि इतरांशी वागण्याची एक धाटणी असते. तिलाच आपण व्यवहारात स्वभाव म्हणतो. कोणी शीघ्रकोपी असतो, कोणी भिडस्त, कोणी संशयी. एवढ्यावरून कोणी रुग्ण ठरत नाही. ही धाटणी इतकी ताठर किंवा इतकी विस्कळीत झाली, की स्वतःविषयीची जाणीव आणि इतरांशी असलेले संबंध ही दोन्ही दीर्घकाळ बिघडत राहिली, घरी, शाळेत, मित्रांत सर्वत्र तोच बिघाड दिसू लागला आणि त्यातून त्या व्यक्तीला वा इतरांना गंभीर दुःख भोगावे लागले, तर मनोवैद्यकशास्त्र त्यास व्यक्तिमत्त्व विकार म्हणते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती मे २०१९ मध्ये स्वीकारण्यात आली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीत एक महत्त्वाचा बदल झाला. व्यक्तिमत्त्व विकारांचे जुने अनेक प्रकार बाजूला सारून विकार सौम्य, मध्यम की तीव्र, हे पाहण्यावर भर देण्यात आला. भावनांची तीव्र अस्थिरता, एकटे पडण्याचे भय आणि स्वतःला इजा करण्याची प्रवृत्ती ज्यात दिसते, तो ‘बॉर्डरलाइन’ आकृतिबंध मात्र एक जोडविशेषण म्हणून ठेवण्यात आला. विकाराच्या पातळीला न पोहोचणारी ‘व्यक्तिमत्त्वविषयक अडचण’ ही पायरीही निराळी मानली गेली. स्वभाव आणि विकार यांच्यामध्ये भिंत नसून चढाव आहे, हे यावरून लक्षात यावे.

मुलांच्या बाबतीत घाई का नको

किशोरवय हे मूळातच घडणीचे वय आहे. शरीर बदलते, मेंदूची वाढ चालू असते, ‘मी कोण’ हा प्रश्न प्रथमच टोचू लागतो. आज अत्यंत टोकाची वाटणारी वागणूक दोन वर्षांनी मागमूसही न ठेवता निघून जाऊ शकते. म्हणूनच शास्त्राने येथे काळाची अट घातली आहे. अमेरिकन मनोवैद्यक संघटनेच्या २०१३ च्या निदान-पुस्तिकेनुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीत ही लक्षणे किमान एक वर्ष टिकलेली असल्याखेरीज असे निदान करता येत नाही. आणि समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान तर अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी करताच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे वर्गीकरण साधारणतः दोन किंवा अधिक वर्षांच्या सातत्याची अपेक्षा ठेवते.

याचा अर्थ किशोरवयात हा विकार नसतोच असा मात्र नव्हे. काही मुलांत त्याची चिन्हे याच वयात स्पष्ट होतात आणि वेळीच मदत मिळाल्यास पुढील हानी टळते. निदानाची घाई करू नये, पण मदतीस विलंबही करू नये, हा येथील विवेक आहे. नाव निश्चित होईपर्यंत उपचार थांबवून ठेवण्याचे काहीच कारण नसते.

त्याच वागणुकीमागे दुसरीही कारणे असू शकतात. किशोरवयीन मुलाचे नैराश्य पुष्कळदा रडण्यातून नव्हे, तर चिडण्यातून व्यक्त होते. अतिचंचलता व अवधानाची न्यूनता, वाचन-लेखनाची अक्षमता, स्वमग्नता, द्विध्रुवीय विकार, अपस्मार, थायरॉईडची व्याधी, मद्य वा इतर मादक पदार्थांचे सेवन, यांपैकी काहीही मूळाशी असू शकते. ओळखीच्याच माणसाकडून झालेला लैंगिक अत्याचार मूल वर्षानुवर्षे बोलून दाखवीत नाही. त्याचे वागणेच ते सांगत असते.

आपल्या समाजाने विशेष लक्षात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट आहे. वरील वर्गीकरणातच असे म्हटले आहे, की जी वागणूक प्रामुख्याने सामाजिक वा सांस्कृतिक कारणांनी, सामाजिक-राजकीय संघर्षाने घडली असेल, तिला व्यक्तिमत्त्व विकार म्हणू नये. आपल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नेही असेच बंधन घातले आहे. एखाद्याचा सामाजिक वा आर्थिक दर्जा, त्याचे विशिष्ट सांस्कृतिक, वांशिक किंवा धार्मिक समूहाचे असणे, अथवा समाजात रूढ असलेल्या मूल्यांशी त्याचे न जुळणे, यांच्या आधारे कोणालाही मनोरुग्ण ठरविता येत नाही. वर्गात आडनाव उच्चारताच हसे होणाऱ्या मुलाचा संताप हा प्रथमतः जखमेचा संताप असतो. ती जखम न पाहता मुलाच्या स्वभावावर बोट ठेवणे म्हणजे ज्याला मार बसला त्यालाच दोषी धरणे होय.

पूर्वकर्माचा दाखला

आता त्या वयोवृद्ध आप्ताच्या मताचा विचार करू. मुलाचे दुःख हे त्याच्या किंवा आई-वडिलांच्या पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ आहे, हे मत बौद्ध म्हणविणाऱ्या घरांतूनही ऐकू येते, याचा आम्हांस खेद होतो.

संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाचा संवाद आहे. मनुष्य जे जे सुख-दुःख अनुभवतो ते सर्व पूर्वकृत कर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. यावर आपले मत काय, असे त्याने राजगृहाच्या वेळुवनात भगवंतांना विचारले. भगवंतांनी वेदनांची आठ कारणे सांगितली : पित्त, कफ, वात, या तिघांचा संयोग, ऋतुपालट, विषम आहार-विहार, बाहेरून झालेला आघात, आणि सर्वांत शेवटी कर्मविपाक. पहिली सात कारणे प्रत्यक्ष अनुभवाला येणारी असताना सर्व काही पूर्वकर्माच्या माथी मारणारे लोक सत्याचे उल्लंघन करतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या यादीतले वैद्यक आज जुने झाले असेल. परंतु कारणे शोधा, ती अनेक असतात, ही त्यातील पद्धती जुनी झालेली नाही.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत याहून पुढे जाऊन तपासला आहे. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, याखेरीज या सिद्धांताचे दुसरे प्रयोजन त्यांना दिसले नाही. हेच विवेचन घरालाही लागू पडते. मुलाच्या दुःखाला पूर्वकर्म म्हटले, की शाळा, शेजार, घरातील कलह, बापाचे व्यसन, कशाचीच चौकशी करावी लागत नाही.

‘बाहेरची बाधा’ या मताविषयी अधिक लिहिण्याची गरज नसावी. भूत उतरविण्याच्या मिषाने एखाद्याला बांधून ठेवणे वा मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने मूल भगताच्या हाती द्यावे, ही गोष्ट आपणांस शोभणारी नाही.

गग्ग भिक्खू

माणूस पालटतो याचे उदाहरण म्हणून आपण नेहमी अंगुलिमालाची कथा सांगतो. कथा थोर आहे; परंतु आजारी मुलाच्या पालकांपुढे ती ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. त्यांचा मुलगा दरोडेखोर नाही. त्यांच्यासाठी विनयपिटकात दुसरी एक कथा आहे, जी आपल्या प्रवचनांतून फारशी ऐकू येत नाही.

गग्ग नावाचा एक भिक्खू मनाने भ्रमिष्ट झाला होता. उपोसथाची त्याला कधी आठवण राही, कधी राहत नसे. कधी तो येई, कधी येत नसे. विनयानुसार सीमेतील सर्व भिक्खू एकत्र आल्याशिवाय उपोसथ पूर्ण होत नाही. तेव्हा करावयाचे काय, हा प्रश्न भगवंतांपुढे आला. त्यांनी गग्गाला संघाबाहेर घालविले नाही. संघाने एकत्र बसून, रीतसर ठराव करून, हा भिक्खू भ्रमिष्ट आहे अशी संमती द्यावी. त्यानंतर तो येवो वा न येवो, संघाने उपोसथ करावा, अशी त्यांनी अनुज्ञा दिली. महावग्गात ही नोंद आहे.

कथा येथे संपत नाही. चुल्लवग्गात पुढील भाग येतो. गग्ग बरा झाला. पण भ्रमिष्टावस्थेत त्याच्या हातून श्रमणाला न शोभणाऱ्या अनेक गोष्टी घडल्या होत्या. त्यावरून इतर भिक्खू त्याला दोष देत राहिले. “मी तेव्हा शुद्धीवर नव्हतो, मला ते आठवत नाही,” असे तो सांगे, तरी त्यांचे बोलणे थांबेना. तेव्हा भगवंतांनी त्याला ‘अमूळ्ह-विनय’ देण्यास सांगितले. हा भिक्खू आता भ्रमिष्ट नाही आणि त्या काळातील कृत्यांचा दोष त्याच्यावर ठेवू नये, असा हा संघाचा निर्णय होय. तो उदारपणे पण डोळसपणे द्यावयाचा असतो. ज्याला सारे आठवत असूनही जो आठवत नाही म्हणतो, किंवा जो वेडाचे सोंग करतो, त्याला तो देणे विनयाला मान्य नाही.

या कथेत त्या मातेच्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे आम्हांस वाटते. संघाने गग्गाच्या अवस्थेला नाव दिले. परंतु ते त्याला सांभाळून घेण्यासाठी, हाकलण्यासाठी नव्हे. आणि तो बरा झाल्यावर त्या नावाची छाया त्याच्यावर राहू दिली नाही. निदान हे असेच असावे लागते. ते मुलाच्या आजच्या अवस्थेचे नाव आहे, मुलाचे नाव नव्हे.

अनात्मवादाचा व्यावहारिक अर्थही हाच आहे. ज्याला आपण ‘स्वभाव’ म्हणून अढळ समजतो, तो रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान यांचा क्षणोक्षणी बदलणारा प्रवाह आहे. तो कारणांनी घडतो, आणि जे कारणांनी घडते ते कारणे बदलल्याने बदलते. ‘स्वभावच आजारी’ हे वाक्य म्हणूनच धम्माच्या दृष्टीने टिकत नाही.

उपचार आहेत काय?

हा केवळ तात्त्विक दिलासा नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मॅक्लीन रुग्णालयात १९९२ पासून बॉर्डरलाइन विकाराच्या २९० प्रौढ रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेण्यात आला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दहा वर्षांत त्यांपैकी ९३ टक्के रुग्णांची लक्षणे किमान दोन वर्षे निवळलेली होती. शिक्षण, नोकरी आणि नातेसंबंध यांसह पूर्णतः सावरलेले मात्र सुमारे निम्मेच होते. आशा खरी आहे आणि वाट लांब आहे, असे दोन्ही त्यातून कळते.

या विकारावरील एक सुप्रसिद्ध उपचारपद्धती, ‘डायलेक्टिकल बिहेव्हिअर थेरपी’, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी घडविली. त्यांनी झेन साधनेचे शिक्षण घेतले होते आणि आपल्या उपचारात स्मृतीचा, म्हणजे सम्यक जागरूकतेचा अभ्यास त्यांनी तेथूनच आणला. २०११ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितले, की १९६१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्या स्वतःच मनोरुग्णालयात दाखल होत्या. दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या. आणि त्यांना स्किझोफ्रेनियाचे निदान चिकटविले गेले होते. सतराव्या वर्षी लागलेले ते नाव त्यांच्या आयुष्याचे अंतिम सत्य ठरले नाही. या पद्धतीची किशोरवयीनांसाठीही मांडणी झाली आहे. तीत मुलाबरोबर पालकांनाही शिकावे लागते. मुलाची स्वतःला इजा करण्याची प्रवृत्ती तिने कमी होते, असे अमेरिका व नॉर्वे येथील चाचण्यांत दिसून आले आहे.

व्यक्तिमत्त्व विकार नाहीसा करणारी गोळी नाही. उपचार मुख्यतः संवादाचा असतो. सोबतच्या नैराश्यादी व्याधींसाठी औषधे लागू शकतात आणि ती वैद्यांना विचारल्याखेरीज बंद करू नयेत. ‘आम्ही ध्यान करवून घेतो’ असे म्हणून उपचार टाळणेही चूकच होय. आनापानसती उपचाराच्या जोडीला चालेल. उपचाराच्या जागी नव्हे.

पालकांनी काय करावे

पहिली गोष्ट, तज्ज्ञाकडे जावे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग असतात. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ‘टेली मानस’ ही शासनाची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. जाताना एक वही न्यावी. मुलाची वागणूक केव्हापासून बदलली, त्या सुमारास घरी वा शाळेत काय घडले, झोप व भूक कशी आहे, हे तीत लिहावे. ‘याला पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे का?’ असे विचारण्यापेक्षा ‘याला काय होत आहे?’ असे विचारावे.

दुसरी गोष्ट, मूल मरणाची भाषा बोलू लागले किंवा स्वतःला इजा करून घेऊ लागले, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे ठेवू नये, घरातील कीटकनाशके व औषधे कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा प्रसंगी मरणाविषयी स्पष्ट विचारल्याने मुलाच्या मनात तो विचार नव्याने येत नाही. उलट बोलण्याची वाट मोकळी होते.

तिसरी गोष्ट वाणीची. मज्झिम निकायात भगवंतांनी राहुलाला केलेला उपदेश आहे. सम्राट अशोकाने आपल्या भाब्रू येथील शिलालेखात त्याचा आवर्जून उल्लेख केला आहे. पाय धुण्याच्या भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून भगवंतांनी असत्याविषयी सांगितले. नंतर आरशाचा दृष्टांत देऊन, कोणतेही कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर ते स्वतःला वा इतरांना दुःखद आहे काय हे पाहावे, अशी रीत शिकविली. ‘तू खोटारडा आहेस’ असा शिक्का त्यात कोठेही नाही. कर्म तपासले आहे, मुलगा धिक्कारलेला नाही. “तू असाच आहेस” या वाक्याऐवजी “तू आज जे केलेस त्याने मला दुःख झाले, तुला तेव्हा काय वाटत होते?” असे म्हणणे हा सम्यक वाचेचा घरगुती अभ्यासच होय. मर्यादा मात्र स्पष्ट असाव्यात. मारहाण, चोरी, व्यसन यांना मैत्रीच्या नावाखाली मोकळीक देणे मुलाच्या हिताचे नसते.

चौथी गोष्ट विहारांची. ज्या घरात असे मूल आहे, त्या घराकडे आपण संघ म्हणून पाहतो की कुजबुज म्हणून, याचे उत्तर आपणांपैकी प्रत्येकाने स्वतःला द्यावे. गग्गाला नाव ठेवणारे भिक्खूही संघातच होते, हे विसरून चालणार नाही.

ते दाम्पत्य मुलाला घेऊन मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी व्यक्तिमत्त्व विकाराचे नाव दिले नाही. नैराश्यावर उपचार सुरू केले आणि पुढचे पुढे पाहू, असे सांगितले. तिसऱ्या भेटीत मुलगा बोलता झाला. दोन वर्षांपूर्वी बदललेल्या शाळेत त्याच्या आडनावावरून रोज चेष्टा चाले. आई-वडिलांना वाईट वाटेल म्हणून त्याने ती घरी सांगितली नव्हती. मुलगा अजून पूर्ण बरा नाही. वस्तू अजूनही कधीतरी फुटतात. परंतु गेल्या पौर्णिमेला तो आईबरोबर विहारात आला, मागच्या रांगेत बसला आणि वंदना संपण्यापूर्वीच उठून गेला. त्याची आई आमच्याकडे पाहून हसली. तो आला होता, एवढे तिला पुरे होते.